हेलियमचा आयन आणि रत्नागिरीची हवा

शीत प्लाझ्मा या विषयावर अलीकडे जे लिहिले जाते त्यात उपयोगांची यादी मोठी असते: जखम लवकर भरते, बियाणे जोमाने रुजते, कापडावर रंग चांगला बसतो, फळाच्या सालीवरची बुरशी मरते. या यादीच्या तळाशी असलेला प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. विद्युत्‌ क्षेत्राने ओढलेला एक आयन वायूच्या एका अणूवर आदळला म्हणजे नेमके काय घडते, आणि ते घडण्याचा संभव किती, हा तो प्रश्न होय. ज्याला प्लाझ्माचे प्रतिमान म्हणतात, म्हणजे संगणकावर समीकरणांच्या साहाय्याने उभारलेले त्याचे वर्तनचित्र, ते अखेर अशा टकरींच्या आकड्यांवर उभे असते. आकडे ज्या वायूचे, ज्या तापमानाचे आणि ज्या आयनाचे असतील त्यापलीकडे त्या प्रतिमानाची सत्ता चालत नाही. दमट किनाऱ्यावरच्या, आंब्याच्या आणि मासळीच्या प्रदेशात शीत प्लाझ्मा वापरण्याचा विचार करताना शुद्ध आणि कोरड्या वायूत मोजलेले आकडे जसेच्या तसे उचलले जातात. तसे करणे शास्त्रदृष्ट्या का टिकत नाही, हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्लाझ्मा म्हणजे ज्यातील काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत असा वायू; इलेक्ट्रॉन गमावून धनभारित झालेला अणू किंवा रेणू म्हणजे धन आयन. सूर्याच्या पोटातील प्लाझ्मात इलेक्ट्रॉन, आयन आणि अणू सारेच सारखे तापलेले असतात. शीत प्लाझ्मात तसे नसते. त्यातील इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा एक-दोन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, म्हणजे तापमानाच्या भाषेत दहा-वीस हजार अंश; वायू मात्र खोलीच्या तापमानालाच राहतो आणि त्याच्या झोतात बोट धरले तरी पोळत नाही. या विसंगतीचे मूळ वस्तुमानांच्या गुणोत्तरात आहे. हेलियमचा अणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७,३०० पट जड असल्यामुळे साध्या, म्हणजे अणूच्या आत काहीही न बदलणाऱ्या टकरीत इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा सरासरी केवळ ०.०३ टक्के भाग अणूला देतो. आर्गॉनच्या बाबतीत हा भाग आणखी दहापट कमी होतो. आयनाचे गणित याच्या अगदी उलट आहे. हेलियमचा आयन आणि हेलियमचा अणू यांचे वस्तुमान जवळजवळ एकच, त्यामुळे एका टकरीत सरासरी निम्मी ऊर्जा हस्तांतरित होऊ शकते. विद्युत्‌ क्षेत्राकडून मिळालेली ऊर्जा इलेक्ट्रॉन स्वतःजवळ बाळगतो, तर आयन ती लगेच वायूला देऊन टाकतो. प्लाझ्मा थंड राहील की तापेल, याचा निकाल लावताना म्हणूनच आयनांना वगळून चालत नाही.

यात ज्या वायूंचा संबंध येतो ते हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉन हे अक्रिय किंवा दुर्मिळ वायू होत. दुर्मिळ हे विशेषण आर्गॉनला तसे शोभत नाही, कारण हवेत त्याचे प्रमाण ०.९३ टक्के आहे. हेलियम मात्र हवेत दहा लाखांत जेमतेम पाच भाग आढळतो. या हेलियमशी रत्नागिरीचे नाते सांगितले जाते आणि ते नाते तपासून घेण्यासारखे आहे, कारण त्यातून विज्ञानातील ओळख पटवण्याचा प्रश्न फार स्पष्ट दिसतो.

आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असलेला विजयदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून हेलियम शोधला आणि किल्ल्यावर दाखवले जाणारे ‘साहेबाचे कट्टे’ ही त्याची खूण, असे आवर्जून सांगितले जाते. १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. कागदोपत्री पुरावा काही वेगळेच सांगतो. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन आंध्रातील गुंटूरला होता, पॉगसन मच्छलीपट्टणला होता, लेफ्टनंट हर्शेल आजच्या कर्नाटकातील जमखंडीला होता. लॉकयर मात्र इंग्लंडातच होता. त्याने सौर ज्वालांच्या वर्णपटातील पिवळी रेषा २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहणाचे साहाय्य न घेता, तेथूनच पाहिली. ऐन पावसाळ्यात ढगांनी भरलेल्या कोकण किनाऱ्यावर दुर्बीण मांडायला कोणता खगोलज्ञ आला असता, हा साधा प्रश्नही या आख्यायिकेला पुरेसा आहे. पण आख्यायिका निराधार नाही. लॉकयर विजयदुर्गाला खरोखरच आला होता, मात्र तीस वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या मोहिमेत ‘मेलपोमिनी’ या आरमारी जहाजावरील खलाशांनी त्याला मदत केली आणि त्याच ग्रहणासाठी पुण्याचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला वेधशाळा थाटून बसले होते. माणूस खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरे. केवळ दोन ग्रहणांची सरमिसळ झाली. विजयदुर्गाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, पण ते १८९८ च्या खात्यावर मांडले गेले पाहिजे.

१८६८ मध्ये जे दिसले ती ५८७.६ नॅनोमीटर तरंगलांबीची एक रेषा होती, सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ या जोडरेषांच्या शेजारची. ती सोडियमची नाही एवढे ठरवायलाही काटेकोर मोजणी लागली, आणि ती एका नव्या मूलद्रव्याची आहे हे पृथ्वीवर सिद्ध व्हायला १८९५ उजाडले. विल्यम रॅमझीने क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू मिळवला तेव्हा. प्रकाशाची रेषा अणूची ओळख सांगते, हा त्या शतकाचा धडा. विसाव्या शतकात असे लक्षात आले की टकरींचे मोजमाप करताना एवढी ओळख पुरत नाही.

आयन आणि अणू यांच्यातील टकरीचा पाया पॉल लांजव्हँ याने १९०५ मध्ये घातला. अणू विद्युत्‌दृष्ट्या उदासीन असतो खरा, पण आयन जवळ आला की अणूतील इलेक्ट्रॉनांचा ढग थोडा त्याच्याकडे सरकतो, अणूला दोन टोके प्राप्त होतात आणि आयनाकडे तो ओढला जातो. ढग किती सहज सरकतो त्या गुणाला ध्रुवणीयता म्हणतात. हेलियमची ध्रुवणीयता ०.२ घन आंगस्ट्रॉम, आर्गॉनची १.६ आणि झेनॉनची ४, यावरून हेलियम किती ‘घट्ट’ आहे ते कळते. या ओढीमुळे आयन ठरावीक अंतराच्या आत आला की अणूभोवती सर्पिल वाटेने ओढला जातो. त्या अंतराने ठरणाऱ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाला टकरीचा काटछेद म्हणतात. आयन जितका सावकाश, तितका त्याचा काटछेद मोठा, आणि दोहोंचा गुणाकार, म्हणजे टकरींचा वेग-दर, आयनाच्या वेगावर अवलंबून राहत नाही, हा लांजव्हँचा सुंदर निष्कर्ष आहे. हेलियमचा आयन आणि हेलियमचा अणू यांच्यासाठी हा दर सेकंदाला सुमारे ७.५ × १०⁻¹⁰ घन सेंटिमीटर येतो.

पण आयन ज्या वायूचा आहे त्याच वायूतून तो जात असेल तर एक वेगळीच घटना या चित्रात शिरते. जवळून जाताना अणूतील इलेक्ट्रॉन आयनाकडे उडी मारू शकतो आणि दोन्ही बाजूंचे अणुकेंद्र सारखेच असल्यामुळे या उडीला ऊर्जा लागतही नाही किंवा उरतही नाही. म्हणून तिला अनुस्पंदी भारविनिमय म्हणतात. रत्नागिरीच्या शिमग्यात पालखी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते तेव्हा धावत आलेला भोई रिकाम्या खांद्याने पुढे निघून जातो आणि पालखी उभ्या असलेल्याच्या खांद्यावर येऊन थबकते. भारविनिमयात विद्युत्‌ भाराचे नेमके असेच होते. वेगात आलेला आयन उदासीन अणू बनून त्याच वेगाने पुढे जातो आणि जवळजवळ स्थिर असलेला अणू आयन होऊन शून्यापासून धावू लागतो. विद्युत्‌ प्रवाहाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला मात्र एकच आयन दिसतो, जो वारंवार अडखळतो.

याचा परिणाम आयनाच्या गतिशीलतेवर होतो, म्हणजे दिलेल्या विद्युत्‌ क्षेत्रात तो वायूतून किती वेगाने सरकतो यावर. १९३० च्या दशकारंभी ब्रिस्टॉलमध्ये टिंडाल आणि पॉवेल यांनी हेलियममधील हेलियम आयनाची गतिशीलता मोजली तेव्हा ती सुमारे २१ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद आली, आणि केवळ लांजव्हँचे ध्रुवणाचे सूत्र वापरले तरी जवळपास तेवढीच येते. मोजमाप आणि सिद्धांत जुळले. आणखी काय हवे? १९३४ मध्ये मॅसी आणि मोर यांनी भारविनिमय धरून पुंजयामिकीच्या आधारे गणित केले तेव्हा उत्तर त्याच्या जवळजवळ निम्मे आले. गणित चुकले असावे असे वाटणे स्वाभाविक होते, कारण पॉवेलच्या हाताबद्दल कोणाला शंका नव्हती. याच पॉवेलला पुढे १९५० मध्ये कण-भौतिकीतील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तुस्थिती अशी होती की गणित बरोबर होते, मोजमापही बरोबर होते, परंतु मोजला गेलेला आयन एकट्या अणूचा नव्हता. तो दोन अणू मिळून बनलेला जोडआयन होता. १९५१ मध्ये बेल प्रयोगशाळेत हॉर्नबेकने दोन्ही आयन वेगळे करून दाखवले. आजचे मान्य आकडे एकेरी आयनासाठी सुमारे १०.४ आणि जोडआयनासाठी सुमारे १६.७ असे आहेत, आणि जोडआयनातही एक उत्तेजित प्रकार असतो जो आणखी वेगाने जातो, हे १९६० च्या दशकाच्या मध्यावर स्पष्ट झाले. वजनाने दुप्पट असलेला आयन हलक्यापेक्षा वेगाने धावतो, हे वरवर विचित्र वाटते; पण जोडआयनाला अणूकडून हुबेहूब आपल्यासारखा भागीदार मिळत नाही, त्यामुळे भारविनिमयाचे अडखळणे त्याच्या वाट्याला येत नाही. आकडा जुळला म्हणून ओळख पटली असे मानण्याचा मोह किती फसवा असतो, याचे याहून चांगले उदाहरण या क्षेत्रात सापडणार नाही.

वातावरणीय दाबाच्या शीत प्लाझ्मात हा ओळखीचा प्रश्न कितीतरी तीव्र होतो. एका घन सेंटिमीटरमध्ये तेथे सुमारे २.४ × १०¹⁹ अणू असतात. त्यामुळे एक आयन आणि दोन अणू यांची तिहेरी गाठ सहज पडते आणि एकेरी आयनाचा जोडआयन होतो. या क्रियेचा प्रमाणित दर, सुमारे १०⁻³¹, अणुसंख्येच्या वर्गाने गुणला तर एकेरी हेलियम आयनाचे आयुष्य १६-१७ नॅनोसेकंद निघते. सेंटिमीटरला पाच किलोव्होल्टच्या क्षेत्रात तो तेवढ्या वेळात आठ-नऊ मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याइतका. जोडआयनाच्या पुढचे भविष्य वायूतील अशुद्धी ठरवते. ९९.९९९ टक्के शुद्धतेच्या महागड्या सिलिंडरमध्येही दहा लाखांत दहा भाग परके रेणू असू शकतात, आणि त्यांच्याशी होणारी भाराची देवघेव प्रत्येक भेटीत जवळजवळ घडतेच. तेव्हा तेथेही चार मायक्रोसेकंदांत जोडआयन संपतो आणि भार नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा पाणी यांच्याकडे जातो. झोत नळीतून बाहेर पडून त्यात एक सहस्रांश हवा मिसळली की हे आयुष्य आणखी घटून नॅनोसेकंदांत मोजावे लागते. अशी उपकरणे साधारणतः दहा-वीस किलोहर्ट्‌झ वारंवारतेच्या विद्युत्‌ दाबावर चालतात. वीस किलोहर्ट्‌झचे एक अर्धचक्र २५ मायक्रोसेकंदांचे. एका अर्धचक्रात आयनाची ओळख दोन-तीनदा बदललेली असते.

यातून जो निष्कर्ष निघतो तो वापरणाऱ्यांच्या भाषेत सांगायचा तर असा: हेलियमच्या झोताने आंब्याची साल निर्जंतुक केली असे म्हटले जाते तेव्हा हेलियमचा आयन त्या सालीपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचतो तो पाण्याच्या रेणूंनी वेढलेला प्रोटॉन. पाण्याच्या रेणूचा आयन दुसऱ्या पाण्याच्या रेणूला भेटला की हायड्रोनियम आयन आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात, आणि मग एकामागून एक पाण्याचे रेणू हायड्रोनियमला चिकटत जातात. या झुबक्याला जलवेष्टित आयन म्हणता येईल. तो किती रेणूंचा झाला यावर त्याचे वस्तुमान, त्याची गतिशीलता, इलेक्ट्रॉनशी पुन्हा मिळून नष्ट होण्याचा त्याचा दर आणि सालीवर पडल्यावरचे त्याचे रसायन, असे सारेच अवलंबून असते.

येथे रत्नागिरीच्या हवेचा हिशेब करून पाहावा. ३० अंश सेल्सियस तापमानाला आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतील पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे ३४ मिलिबार असतो, म्हणजे हवेच्या दर शंभर रेणूंमागे तीनहून अधिक पाण्याचे. वातानुकूलित प्रयोगशाळेत, २२ अंशांना आणि ४० टक्के आर्द्रतेला, हेच प्रमाण जेमतेम एक टक्का भरते. प्रयोगशाळेत ठरवलेला विद्युत्‌ दाब, झोताचे अंतर आणि प्रक्रियेचा काळ मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर किंवा भर मे महिन्यात आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये लागू पडला नाही तर यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. तिप्पट पाण्यात आयनांची जातच निराळी असते. आश्चर्य याचे वाटते की अन्नपदार्थांवरील शीत प्लाझ्माच्या शोधनिबंधांत विद्युत्‌शक्ती, वेळ आणि जीवाणूंची घट काटेकोरपणे नोंदली जाते, पण खोलीची आर्द्रता पुष्कळदा नोंदलेली नसते. एका महत्त्वाच्या चलाचे मूल्य न सांगता निष्कर्ष देण्यासारखे हे आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. वातावरणीय दाबावर आयन इतक्या वेळा आदळतात की त्यांची ऊर्जा वायूच्या तापमानाच्या आसपासच राहते. जीवाणू मारण्याचे काम ओझोन, ऑक्सिजनचे अणू, हायड्रॉक्सिल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे करतात, आणि आयनांची संख्या त्यांच्या तुलनेने नगण्य असते. मग आयनांच्या टकरींची एवढी चिकित्सा कशासाठी? आक्षेपातील पहिले विधान बरेचसे खरे आहे, दुसरेही बहुतांशी. पण निष्कर्ष त्यातून निघत नाही. हायड्रॉक्सिलचा काही वाटा आयनांच्याच वाटेने येतो, हे वर आलेच आहे. शिवाय प्लाझ्मा पेटतो कसा, हा प्रश्न आयनांशिवाय सुटत नाही. हेलियमच्या आयनाजवळ २४.६ इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा साठलेली असते, त्यामुळे तो पृष्ठभागावर आदळला की तेथून नवा इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जाण्याची बरीच शक्यता असते; नायट्रोजनच्या आयनाजवळ ती १५.६ असते, आणि जलवेष्टित आयनाजवळ या कामासाठी जवळजवळ काहीच उरत नाही. भार वाहणारा आयन बदलला की पृष्ठभागाकडून मिळणारे इलेक्ट्रॉन बदलतात, ते बदलले की प्लाझ्मा पेटण्याचा विद्युत्‌ दाब बदलतो आणि मागाहून तयार होणाऱ्या प्रत्येक मूलकाचे प्रमाणही. नगण्य संख्येचा घटक निर्णायक ठरू शकतो, हे रसायनशास्त्राला नवे नाही.

कमी दाबाच्या प्लाझ्मात तर आक्षेप मुळातच टिकत नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत कापडाच्या पृष्ठभागावर प्लाझ्मा-प्रक्रियेचे काम झाले आहे आणि पुणे विद्यापीठाच्या भौतिकी विभागात प्लाझ्माच्या साहाय्याने पदार्थांवर संशोधन दीर्घकाळ चालू आहे. अशा कामांत आर्गॉनचा दाब पास्कलच्या मापात असतो. एक पास्कल दाबाला आर्गॉनच्या आयनाला दोन टकरींच्या मध्ये काही मिलिमीटर मोकळी वाट मिळते, जी पृष्ठभागालगतच्या अतिविद्युत्‌ क्षेत्राच्या थराच्या जाडीइतकीच असते. त्या थरात भारविनिमय झाला तर पृष्ठभागावर कमी ऊर्जेचा आयन आणि जास्त ऊर्जेचा उदासीन अणू असे दोघे येऊन आदळतात. उदासीन अणूला कोणतेही विद्युत्‌ उपकरण टिपत नाही, पण तो पृष्ठभाग खरवडतोच.

प्रतिमान बांधण्याच्या पद्धतीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. हेलियमचा आयन आणि अणू जवळ येतात तेव्हा त्यांच्यात मिळून असलेल्या इलेक्ट्रॉनांची स्थिती सममित किंवा विषमसममित असू शकते, आणि या दोन स्थितींच्या ऊर्जेचे वक्र वेगवेगळे असतात. दोन्ही स्थितींत घडलेल्या टकरींच्या तरंगांतील कलाभेद, म्हणजे एक तरंग दुसऱ्याच्या किती मागेपुढे पडला ते, इलेक्ट्रॉन शेवटी कोणत्या केंद्रापाशी राहील याचा संभव ठरवतो. सरळ सांगायचे तर जवळून गेलेल्या आयनांपैकी सरासरी निम्म्यांचा भार बदलतो. अडचण अशी की सरळ पुढे जाऊन भार देणारा आयन आणि धडकून उलट फिरलेला, भार न देणारा आयन, हे दोन्ही बाहेरून अगदी सारखे दिसतात, कारण केंद्रे एकसारखी आहेत. अमेरिकेतील ए. व्ही. फेल्प्स यांनी १९९४ मध्ये यातून एक व्यवहारी मार्ग काढला: सर्व दिशांना सारखे विखुरणारा एक भाग आणि सरळ मागे विखुरणारा एक भाग, अशा दोन तुकड्यांत काटछेद मांडायचा आणि दोन्ही तुकड्यांचे आकडे ज्ञात गतिशीलतेशी व विसरणाशी जुळेपर्यंत ताडून पाहायचे. मागे विखुरणे म्हणजेच भारविनिमय हे यात गृहीत आहे. सौंदर्यशास्त्राच्या निकषावर ही पद्धत पुंजयामिकीच्या तुलनेत थोडी ओबडधोबड वाटेल, पण प्लाझ्माच्या अभियंत्यांनी ती आनंदाने स्वीकारली, आणि ते योग्यच झाले. असे आकडे आता तुलूजहून सुरू झालेल्या एलएक्सकॅट या मुक्त संग्रहात कोणालाही पाहता येतात.

पुढचे काम माँटे कार्लो पद्धतीने होते. एक आयन घ्यायचा, विद्युत्‌ क्षेत्रात त्याला सोडायचे, काटछेदांवरून पुढची टक्कर केव्हा होईल ते यादृच्छिक अंक काढून ठरवायचे, टक्कर कोणत्या प्रकारची तेही तसेच ठरवायचे, आणि लाखो टकरींनंतर सरासरी वेग, ऊर्जा आणि विसरण मोजायचे. महासंगणक यासाठी लागत नाही. आजच्या साध्या डेस्कटॉप संगणकावर एका वायूतील आयनांचे असे गणित थोड्या वेळात होते आणि त्याला लागणारा प्रोग्राम पदव्युत्तर विद्यार्थी स्वतः लिहू शकतो. रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयासारख्या संस्थेच्या आवाक्यात बसणारे हे काम आहे. प्लाझ्माची यंत्रसामग्री विकत घेण्यासाठी अनुदान मागणाऱ्या प्रस्तावांच्या मानाने टकरींच्या गणिताचे प्रस्ताव विरळ दिसतात, आणि हा क्रम उलटा आहे. यंत्र आधी येते, मग त्याच्यावर फळ ठेवून बघतात; जुळले तर निबंध, नाही जुळले तर पुढचे फळ.

हेलियमऐवजी आर्गॉन वापरावा का, हा प्रश्न भारतात केवळ शास्त्रीय नाही. हेलियम आयात करावा लागतो, तर आर्गॉन हवा द्रवरूप करून येथेच मिळतो. कोकणात तुरळ, राजवाडी, उन्हवरे येथील गरम पाण्याच्या झऱ्यांतून नायट्रोजनचे बुडबुडे येतात आणि त्यांत हेलियमचा अंश असतो. खडकांतील युरेनियम आणि थोरियम यांच्या किरणोत्सर्गी क्षयातून तो खाली साठत आलेला आहे. कुतूहलापलीकडे त्याचा सध्या उपयोग नाही. तेव्हा व्यवहार आर्गॉनकडेच झुकणार. पण वायू बदलणे म्हणजे सिलिंडर बदलणे नव्हे. हेलियम उष्णता आर्गॉनच्या आठपट वेगाने वाहून नेतो, म्हणून त्याचा झोत गार आणि एकजीव राहतो, तर आर्गॉनचा प्लाझ्मा तंतूंमध्ये आवळला जातो आणि त्या तंतूंच्या टोकाशी साल भाजण्याचा धोका असतो. त्याहून मोठा फरक मितस्थायी अणूंचा आहे, म्हणजे उत्तेजित झालेले पण प्रकाश टाकून सहज खाली न येणारे अणू. हेलियमचा मितस्थायी अणू १९.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट बाळगतो आणि नायट्रोजन, ऑक्सिजन व पाणी या तिघांचेही आयनीभवन करू शकतो, आर्गॉनच्या ११.५ ने यांपैकी एकाचेही होत नाही. शिवाय आर्गॉनच्या आयनाची तळपातळी दुभंगलेली असते आणि झेनॉनमध्ये तर या दुभंगाचे अंतर १.३ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत जाते, त्यामुळे जड वायूंच्या भारविनिमयाचे गणित हेलियमसारखे सरळ राहत नाही. हेलियमवर बसवलेले प्रतिमान आर्गॉनसाठी ‘थोडे दुरुस्त’ करून चालत नाही. ते पुन्हा तळापासून बांधावे लागते.

हापूसबद्दल अपेक्षा ठेवताना आणखी एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. शीत प्लाझ्मा हा पृष्ठभागाचा व्यवहार आहे. सालीवरच्या करप्याच्या बीजाणूंपर्यंत आणि कदाचित देठाकडून सुरू होणाऱ्या कुजीपर्यंत त्याची पोहोच आहे; फळाच्या पोटात होणारा साका त्याने बरा होणार नाही, आणि आत शिरलेल्या फळमाशीच्या अळीचेही काही बिघडणार नाही. अमेरिकेला जाणारा आंबा त्यासाठीच गॅमा किरणांखालून जातो, आणि तेथे प्लाझ्मा त्याची जागा घेईल असे सांगणारा माणूस एक तर किरण ओळखत नाही किंवा अळी. करप्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गरम पाण्याच्या प्रक्रियेशी प्लाझ्माची स्पर्धा होऊ शकते, आणि तिथे आर्द्रतेचा प्रश्न निर्णायक ठरेल.

पण आंबा हा केवळ निष्क्रिय पृष्ठभाग नाही. आढीत घातलेला हापूस पिकताना इथिलीन सोडतो आणि त्याच्या वासात मायर्सिन व ऑसिमिन यांसारख्या टर्पीनांचा मोठा वाटा असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या वासाच्या घटकांवर तपशीलवार काम झाले आहे. वायुरूप रेणू प्रोटॉन किती आवडीने स्वीकारतो याचे एक माप असते, त्याला प्रोटॉन-आसक्ती म्हणतात. पाण्याची प्रोटॉन-आसक्ती मोलला सुमारे ६९१ किलोज्यूल, इथिलीनची ६८०, म्हणून हायड्रोनियम इथिलीनला प्रोटॉन देत नाही. टर्पीनांची मात्र याहून कितीतरी अधिक असल्यामुळे साधा हायड्रोनियम त्यांना भेटताक्षणी प्रोटॉन देऊन मोकळा होतो. फळांच्या वासाचे विश्लेषण करणारी आधुनिक वस्तुमान-वर्णपटमापके याच टकरीवर चालतात. पण हायड्रोनियमला दोन-तीन पाण्याचे रेणू चिकटले की झुबक्याची प्रोटॉनवरची पकड घट्ट होत जाते, आणि मग तोच प्रोटॉन टर्पीनाकडे जाईल की नाही हे झुबक्याच्या आकारावर, म्हणजे पुन्हा त्या शेडमधील आर्द्रतेवर अवलंबून राहते. हेलियमच्या अणूपासून निघालेला भार शेवटी फळाच्या वासाच्या रेणूवर जाऊन बसतो की पाण्याच्या झुबक्यातच राहतो, याचे उत्तर देणारे प्रतिमान बांधायचे तर त्यात हायड्रोनियमच्या प्रत्येक झुबक्याची हेलियममधील व आर्गॉनमधील गतिशीलता आणि टर्पीनांशी होणाऱ्या त्याच्या टकरींचे दर घालावे लागतील, आणि ते ३० अंशांना, तीन टक्के पाण्यात.